‘नशिबात होतं’ म्हणू नका, ‘का घडलं’ ते विचारा

दिव्यांगांच्या संस्थांमधील गंभीर घटना आणि त्यांची चौकशी

आपल्या प्रत्येक वस्तीत दोन-चार घरे अशी असतात, जिथे एखादे मूल बोलत नाही, एखाद्याला चालता येत नाही, एखादी मुलगी वीस वर्षांची झाली तरी तिला हाताने भरवावे लागते. आई धुण्याभांड्याच्या कामाला जाते, बाप नाक्यावर उभा राहतो. दिवसभर त्या लेकराकडे बघायचे कोणी? म्हणून त्याला विशेष शाळेत, निवासी वसतिगृहात किंवा एखाद्या संस्थेत ठेवले जाते. यात आईबापाचा काही दोष नाही. काळजीचे काम एकट्या घराच्या खांद्यावर टाकून मोकळे होणे हाच समाजाचा दोष आहे.

मग एक दिवस संस्थेतून फोन येतो. ‘पडला’, ‘जेवताना ठसका लागला’, ‘रात्री फिट आली’. कधी हाड मोडलेले असते, कधी भाजलेले असते, कधी मूल जिवंतच नसते. घरात रडारड होते. नातेवाईक म्हणतात, ‘सुटला बिचारा.’ कोणी म्हणते, ‘त्याच्या नशिबात तेवढंच होतं.’ संस्थेचे लोक म्हणतात, ‘अशा मुलांचं असंच असतं.’ आणि विषय तिथेच संपतो.

हा विषय तिथे संपता कामा नये. दिव्यांग माणसाला झालेली इजा ही त्याच्या अपंगत्वाचा भाग नसते. प्रत्येक घटनेला कारणे असतात, आणि कारणे शोधली तर पुढचे लेकरू वाचते.

कर्म नव्हे, कारण

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची कठोर चिकित्सा केली आहे. माणसाची दुरवस्था त्याच्याच मागच्या जन्मीच्या पापामुळे आहे असे एकदा ठरवले, की शासन आणि समाज दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी स्पष्ट दाखवले. दिव्यांगांच्या बाबतीत तर हा विचार आजही रोज ऐकू येतो. ‘मागच्या जन्मी काय केलं होतं कोण जाणे’ असे म्हणणारा माणूस नकळत त्या संस्थाचालकाला वाचवत असतो, ज्याने रात्रपाळीला चाळीस मुलांमागे एकच मदतनीस ठेवली.

तथागतांनी दुःखाबरोबर दुःखाचे कारणही सांगितले. हे आहे म्हणून ते आहे. हे थांबले की तेही थांबते. गंभीर घटनेची चौकशी म्हणजे याच विचाराचा रोजच्या व्यवहारात केलेला वापर.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. तथागत आनंदासह भिक्खूंच्या निवासस्थानांतून फिरत असताना त्यांना एक आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला दिसला. त्याला पोटाचा विकार होता. त्याच्याजवळ कोणीही नव्हते. तुझी काळजी का घेतली जात नाही, असे विचारल्यावर त्याने सांगितले की, तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलले आणि अंथरुणावर निजवले. त्यानंतर त्यांनी भिक्खूसंघाला एकत्र बोलावले, काय घडले आणि का घडले हे विचारले, आणि नियम घालून दिला: गुरूने शिष्याची, शिष्याने गुरूची शुश्रूषा करावी, आणि ज्याचे कोणी नाही त्याची शुश्रूषा संघाने करावी. चांगला शुश्रूषा करणारा कसा असतो, याचे गुणही सांगितले.

यातला क्रम पाहा. आधी माणसाला सांभाळले. नंतर त्यालाच विचारले. मग सर्वांसमोर कारण शोधले. शेवटी नियम बदलला, म्हणजे तसे पुन्हा घडू नये. अडीच हजार वर्षांनंतर आज रुग्णालये आणि सेवासंस्था गंभीर घटनेच्या चौकशीची जी पद्धत शिकवतात, तिचा गाभा हाच आहे.

गंभीर घटना कशाला म्हणायचे?

मृत्यू किंवा हाड मोडणे एवढेच गंभीर नसते. पुढीलपैकी काहीही घडले तर ती गंभीर घटना समजावी आणि चौकशी मागावी:

• मृत्यू, मग तो ‘आजाराने’ झाला असे सांगितले तरी
• हाड मोडणे, भाजणे, डोक्याला मार, कारण सांगता न येणारे वळ किंवा जखमा
• घास अडकणे, गुदमरणे
• पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली किंवा लागोपाठ आलेली फिट
• चुकीचे औषध, जास्त औषध किंवा औषध न देणे
• मूल संस्थेतून नाहीसे होणे
• लैंगिक स्पर्श, छळ किंवा अत्याचार
• बांधून ठेवणे, कोंडून ठेवणे, शांत राहावे म्हणून गुंगीचे औषध देणे
• अंथरुणाने झालेल्या जखमा आणि झपाट्याने घटलेले वजन

शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्या. पाठीला, ढुंगणाला, टाचेला पडलेली खोल जखम एका दिवसात होत नाही. कित्येक दिवस कूस बदलली नाही, ओले कपडे बदलले नाहीत, तेव्हा ती होते. हळूहळू झालेली हेळसांडही घटनाच असते.

ऑस्ट्रेलियात अशा सेवांवर देखरेख करणारा स्वतंत्र आयोग २०१८ पासून काम करतो. मृत्यू, गंभीर इजा, छळ, हेळसांड यांसारखी घटना कळल्यापासून २४ तासांच्या आत सेवा देणाऱ्या संस्थेने ती आयोगाला कळवणे तिथे बंधनकारक आहे. घरच्यांनी तक्रार करण्याची वाट पाहायची नसते. आपल्याकडे हा भार बहुतेक वेळा घरच्यांवरच येतो, म्हणून तो कसा उचलायचा हे माहीत असले पाहिजे.

‘नैसर्गिक मृत्यू’ म्हणून मिटवलेले प्रकरण

इंग्लंडमधले एक प्रकरण जगभर अभ्यासले जाते. कॉनर स्पॅरोहॉक हा अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याला बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता आणि अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार होता. २०१३ च्या मार्च महिन्यात त्याला ऑक्सफर्डमधील एका सरकारी आरोग्य संस्थेच्या लहान केंद्रात दाखल केले गेले. ४ जुलै २०१३ रोजी तो तिथल्या आंघोळीच्या टबमध्ये बुडून मरण पावला. त्याला फिट आली होती आणि त्या वेळी जवळ कोणी नव्हते.

ते केंद्र चालवणाऱ्या ‘सदर्न हेल्थ’ या संस्थेने सुरुवातीला हा नैसर्गिक मृत्यू असल्याचे सांगितले. त्याची आई सारा रायन यांनी ते मान्य केले नाही. मुलाला फिट आल्याची शंका त्यांनी आधीच कर्मचाऱ्यांना सांगितली होती. कुटुंबाने आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांचा अहवाल आला: हा मृत्यू टाळता आला असता. ऑक्टोबर २०१५ मध्ये ज्युरीने मृत्यूला हेळसांडही कारणीभूत असल्याचा निर्णय दिला. २०१८ मध्ये न्यायालयाने या आणि आणखी एका मृत्यूबद्दल संस्थेला २० लाख पौंड दंड केला.

त्याहून मोठी गोष्ट पुढे उघड झाली. एका मुलाच्या चौकशीमुळे त्या संस्थेतील आधीच्या मृत्यूंकडे पाहिले गेले. डिसेंबर २०१५ च्या अहवालानुसार चार वर्षांत १,४५४ मृत्यू अनपेक्षित होते, पण गंभीर घटना म्हणून चौकशी झाली ती फक्त २७२ मृत्यूंची. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या मृत्यूंपैकी तर एक टक्का मृत्यूंचीही चौकशी झाली नव्हती. झालेल्या चौकश्यांपैकी निम्म्याहून अधिकांत कुटुंबाला सामील करून घेतले नव्हते.

इतका पैसा, इतकी यंत्रणा असलेल्या देशातही ‘अशा माणसांचं असंच असतं’ ही समजूत होती. ती एका आईने प्रश्न विचारल्यामुळे मोडली.

आपल्या देशातल्या चौकश्या

तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या दर्ग्यामुळे मनोरुग्णांना बरे वाटावे म्हणून लोक दुरून येत, आणि आसपास खासगी ‘मनोरुग्ण घरे’ उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यातल्या एका घराच्या गवती शेडला आग लागली. आतल्या माणसांना साखळदंडांनी बांधून ठेवले होते. २८ जण मृत्युमुखी पडले.

त्या दिवशी फक्त आगीचीच चौकशी झाली असती, तर ‘दिवा पडला’, ‘ठिणगी उडाली’ एवढेच उत्तर मिळाले असते. पण खरा प्रश्न होता, माणसे पळू का शकली नाहीत? आणि त्याहून मागचा प्रश्न, परवाना नसलेली घरे इतकी वर्षे चालली कशी? सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांना अशा विनापरवाना घरांची पाहणी करायला लावली. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे.

महाराष्ट्रातही हे घडले आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथे बौद्धिक दिव्यांग मुलांच्या वसतिगृहात उपासमार आणि अत्याचार होत असल्याच्या बातम्या २०१० मध्ये वृत्तपत्रांत आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातम्यांवरूनच स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखालील समितीमार्फत अशा संस्थांची पाहणी सुरू झाली. एका वसतिगृहाच्या चौकशीतून संपूर्ण राज्यातल्या वसतिगृहांचा प्रश्न पुढे आला.

‘कोणी केलं?’ याच्या पलीकडे

चौकशी म्हटली की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘कोणी केलं?’ तो प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तिथेच थांबलो तर एका मदतनीस बाईला कामावरून काढतात, संस्था हात झटकते आणि दुसऱ्या महिन्यात तेच पुन्हा घडते.

एक उदाहरण घेऊ. हे कोणत्याही एका संस्थेचे नाही, समजण्यासाठी घेतले आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला वसतिगृहात रात्री जेवताना घास अडकला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले.

घास का अडकला? त्याला कोरडी भाकरी दिली गेली, कुस्करून दिली नाही.
कुस्करून का दिली नाही? त्या रात्री वाढणारी बाई नवीन होती, तिला माहीत नव्हते.
तिला का माहीत नव्हते? ही सूचना ऑफिसातल्या फायलीत होती, स्वयंपाकघरात नव्हती. आणि तिला काम शिकवलेच नव्हते.
तो आडवा होऊन का जेवत होता? त्याची बसवण्याची खुर्ची तीन महिन्यांपासून मोडली होती.
खुर्ची का दुरुस्त झाली नाही? मागणीचे पत्र दिले होते, पैसे मंजूर झाले नव्हते.

आता बघा. बाईला काढून टाकले असते तर यातले एकही कारण दूर झाले नसते. पण प्रत्येक मुलाच्या फोटोसह ‘याला कसे भरवायचे’ असा कागद जेवणघरात लावला, नव्या बाईला आठवडाभर जुन्या बाईबरोबर काम दिले आणि खुर्ची नीट केली, तर पुढचा घास अडकणार नाही. खरी चौकशी म्हणजे कमीत कमी पाच वेळा ‘का’ विचारणे.

ती मदतनीस बाईही बहुधा आपल्याच वस्तीतली असते. ठेकेदाराच्या हाताखाली, तुटपुंज्या पगारावर, दुहेरी पाळी करणारी. घटना घडली की सगळ्यात आधी तिचीच नोकरी जाते, आणि म्हणून ती खरे सांगायला घाबरते. विनयातल्या एका नियमाची इथे आठवण येते. एखाद्या चुकीवरून नवा नियम झाला, तर ती चूक पहिल्यांदा करणाऱ्याला दोषी धरले जात नसे, कारण त्या वेळी नियमच नव्हता. शिकवले नाही आणि साधने दिली नाहीत, तर दोष आधी व्यवस्थेचा.

पण याचा गैरफायदा कोणी घेऊ नये. मारहाण, लैंगिक अत्याचार, मुद्दाम उपाशी ठेवणे, पुरावा लपवणे ही चूक नाही, गुन्हा आहे. तिथे संस्थेची अंतर्गत चौकशी पुरेशी नाही. पोलीस तक्रार झालीच पाहिजे.

घटना घडली तर काय करायचे?

१. आधी माणूस. ताबडतोब रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. डॉक्टरांना नेमके काय सांगितले गेले आणि तुम्ही काय पाहिले, दोन्ही वेगवेगळे सांगा. इजा संशयास्पद असेल तर ‘पोलीस केस म्हणून नोंद करा’ असे स्पष्ट म्हणा. सर्व कागदांच्या प्रती घ्या.

२. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे प्लॅस्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत ठेवा. अशा पीडितावर तातडीने मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी, सर्व रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक आहे.

३. मृत्यू झाला असेल तर अंत्यविधीची घाई करू नका. ‘कशाला चिरफाड, लेकरू सुटलं’ असे सांगणारे भेटतील. संशय असेल तर पोलिसांना कळवून पंचनामा आणि शवविच्छेदनाची मागणी करा. एकदा अग्नी दिला की पुरावा संपला.

४. त्याच दिवशी लिहून काढा. फोन किती वाजता आला, कोणी केला, काय शब्द वापरले, जखम कुठे आहे, किती मोठी आहे. फोटो काढा, व्हिडिओ काढा. लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराला बसवा.

५. ज्याला इजा झाली त्याला विचारा. ‘त्या माणसानं मारलं का?’ असे तोंडात उत्तर घालू नका. ‘काय झालं ते दाखव’ म्हणा. बोलता येत नसेल तर खुणांनी, चित्रांनी, बाहुलीवर दाखवू द्या. रात्री दचकणे, विशिष्ट माणसाला पाहून घाबरणे, कपडे काढू न देणे, हेही सांगणेच असते. बोलू न शकणारी व्यक्ती खुणांनी किंवा लिहून न्यायालयात साक्ष देऊ शकते, आणि त्यासाठी दुभाषा किंवा विशेष शिक्षक देण्याची तरतूद कायद्यात आहे. ‘त्याला काय कळतंय’ असे कोणी म्हणाले तर हे सांगा.

६. संस्थेला पत्र द्या. त्या दिवशी कामावर कोण होते, हजेरीपट, औषधांची नोंदवही, भेट देणाऱ्यांची वही आणि सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवा व प्रत द्या, असे लिहा. हे दुसऱ्याच दिवशी करा, कारण सीसीटीव्हीचे जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसेल तर पत्र दिलेच नाही असे समजले जाईल.

७. अहवाल लेखी मागा. तो अहवाल वाचताना पाच गोष्टी पाहा. चौकशी करणारा संस्थेबाहेरचा होता का? घरच्यांचे म्हणणे घेतले का? दिव्यांग व्यक्तीचे म्हणणे घेतले का? फक्त माणसाला दोष दिला की व्यवस्थेतली कारणे सांगितली? कोणता बदल, कोणत्या तारखेपर्यंत, कोण करणार हे लिहिले का? तीन महिन्यांनी परत जाऊन बदल झाला का ते पाहा.

कायदा आपल्या बाजूने आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे. त्याच्या कलम ७ नुसार दिव्यांग व्यक्तीचा छळ, हिंसा किंवा शोषण होत आहे असे वाटले तर कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकते. तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. म्हणजे आईबापाला भीती वाटत असेल तर शेजारी, महिला मंडळ किंवा विहार समितीनेही अर्ज करता येतो. दंडाधिकाऱ्याने छळ थांबवण्यासाठी, त्या व्यक्तीला सोडवण्यासाठी पावले उचलायची असतात.

कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मारहाण करणे, ताब्यात असलेल्या व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी न देणे, लैंगिक शोषण करणे यासाठी सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे.

नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणत्याही खासगी संस्थेला दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही. ‘तुमचं प्रमाणपत्र कधीपर्यंत वैध आहे?’ हा प्रश्न मूल दाखल करतानाच विचारा.

पीडित अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. लैंगिक गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखालाही त्यातून सूट नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र खटला भरता येत नाही. लैंगिक गुन्ह्यातील पीडित व्यक्ती दिव्यांग असेल, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी येऊन, दुभाषा किंवा विशेष शिक्षकासह जबाब नोंदवायचा असतो. पोलीस ठाण्यात तिला तासन्‌तास बसवून ठेवणे बेकायदेशीर आहे.

जातीवरून शिवीगाळ किंवा अन्याय झाला असेल तर तेही तक्रारीत लिहा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे त्याचे प्रमाणपत्र असलेल्यांना ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण आहे.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नका. दिव्यांग व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातीचे लोक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२. राज्यात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे आणि त्याचे आयुक्तालय पुण्यात आहे, तिथेही तक्रार करता येते. संस्थेची आधीची तपासणी कधी झाली, त्यात काय आढळले, हे माहितीच्या अधिकारात सरकारी कार्यालयाकडून मागवा. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत.

भीती आणि संघ

हे सर्व वाचताना कित्येक आयांच्या मनात एकच विचार येईल: ‘तक्रार केली आणि माझ्या लेकराला काढून टाकलं तर? मी कामाला जाऊ का त्याला सांभाळू?’ ही भीती खरी आहे. याच भीतीवर वाईट संस्था चालतात. एकट्या आईला हे पेलणार नाही, म्हणूनच तथागतांनी सांगितले की, ज्याचे कोणी नाही त्याचा संघ आहे.

आपल्या विहाराने हे काम घ्यावे. वस्तीत किती दिव्यांग आहेत, कोण कोणत्या संस्थेत आहे, याची एक वही करावी. दर महिन्याला दोघा-तिघांनी संस्थेत भेट द्यावी, सांगून एकदा आणि न सांगता एकदा. जेवणाच्या वेळी जावे. मुलाचे वजन विचारावे, पाठ बघावी, रात्री कामावर कोण असते ते विचारावे. जिथे बाहेरची माणसे येतात-जातात, तिथे छळ लपत नाही. ॲडलेड शहरात ॲन-मेरी स्मिथ ही सेरेब्रल पाल्सी असलेली बाई २०२० मध्ये स्वतःच्या घरात झालेल्या हेळसांडीमुळे मरण पावली. तिची सारी काळजी एकाच सेविकेच्या हाती होती आणि दुसरे कोणी बघायला जात नव्हते. चौकशीनंतर एक शिफारस हीच आली की, अशा व्यक्तीसाठी एकाहून अधिक सेवक असावेत.

संस्था चांगली असेल तर तिला आपल्या भेटीचा त्रास होणार नाही, आनंदच होईल. चांगल्या सेविकेचे कौतुकही तिथेच करा.

घरातही हेच

ज्यांचे लेकरू घरीच आहे त्यांनीही घरातल्या लहानसहान घटनांचे ‘का’ शोधावे. फिट येणाऱ्याने आंघोळ करताना मोरीची कडी लावू नये, पडदा लावावा आणि बाहेर कोणीतरी असावे. पाण्याने भरलेला पिंप उघडा ठेवू नये. स्टोव्ह आणि चूल त्याच्या हाताच्या अंतरावर नको. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, वेळ बघा. चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला सरळ बसवून, लहान घास, मऊ करून द्यावा. जो स्वतः हलू शकत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी.

येत्या पौर्णिमेला वंदनेसाठी विहारात जमाल, तेव्हा धम्मपालन गाथेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. वही काढा, पहिले नाव लिहा आणि त्या घरी कोण कधी जाणार ते तिथेच ठरवा.

जय भीम. नमो बुद्धाय.